मुंज्याचं अक्षर

"पेनशिली खाते का काय व ही पोट्टी? परवाच नवी आनली, आज पाह्यतो तं निरा बुडूख राह्यलं!"

भिंतीपलीकडे सासूबाई पुटपुटत होत्या. आमच्या स्वयंपाकघराची भिंत ओसरीकडून अर्धीच घातलेली, त्यामुळे या घरात मनातल्या मनात बोलायची सोय नाही.

पोट्टी म्हणजे माझी अपेक्षा. चौथीत आहे. पेन्सिल इतकी दाबून धरते की टोक टिकत नाही. तिला वाटतं, दाबलं की अक्षर जागेवर बसेल. ते बसत नाही. तिचा 'ग' आरशात पाहिल्यासारखा उमटतो. धड्यावर बोट ठेवलं की ओळी पळतात म्हणते. पण गोष्ट एकदा ऐकली की शब्दन् शब्द सांगेल, गुरुजींच्या खोकल्यासकट.

दुसऱ्या घरात अशा पोरीला मठ्ठ म्हणून मोकळे झाले असते. आमच्या घरात सगळे गप्प झाले.

सासूबाईंनी तिची वही पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकर करपली तरी त्यांची नजर वहीवरून हलेना. "हे तिचं अक्षर नोहे," एवढंच म्हणाल्या.

भुताचे पाय उलटे असतात हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाय उलटे, तर हातही उलटाच चालणार. आणि भूत काही परकं नव्हतं. माझा धाकटा दीर अमर, मी या घरात येण्याआधीच गेला. मिसरूड फुटायच्या वयात, शेतातल्या विहिरीत. बिनलग्नाचा गेला म्हणून त्याचा मुंजा झाला. शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली, त्याचा शेंदूर लावलेला दगड आहे. वेचणीचा पहिला कापूस त्याला, नव्या तुरीच्या शेंगा त्याला. घरात मात्र त्याचा फोटो नाही आणि नाव कोणी घेत नाही. नुसतं 'तो' म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली घेतात, जणू तो शेजारच्या खोलीत झोपला आहे.

सासूबाईंनी अपेक्षाच्या उजव्या मनगटाला काळा दोरा बांधला. दर अमावास्येला तिची पेन्सिल दगडापाशी नेऊन ठेवायला लागल्या. "तुही पेनशील तू घेऊन जा बाप्पा, पोरीचा हात सोड," असं त्या दगडाला समजावताना मी ऐकलं आहे. माझा यावर विश्वास नव्हता.

मग एका दुपारी कोठीत झाडायला म्हणून मी तुरीची कणगी सरकवली. मागच्या भिंतीवर, चुन्याखाली, खिळ्यानं कोरलेला 'ग' होता. उलटा. त्याच्या खाली पुन्हा एक, खरवडून काढलेला. त्याच्या खाली आणखी, आणखी. थेट अपेक्षाचाच हात. फक्त अपेक्षा पाटावर उभी राहिली तरी तिथवर पोचली नसती. मी त्या खाचेवरून बोट फिरवलं आणि झाडू तिथंच टाकून बाहेर आले.

अपेक्षाच्या वडिलांना बोलावून दाखवलं. त्यांनी एकदाच पाहिलं. "कणगी जागेवर लाव," म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

त्याच आठवड्यात सासऱ्यांनी, पुंडलिकरावांनी, निकाल दिला. "हिले राळेगावले आत्याकडं ठेवू. शाळा बस झाली. लिहिनं बंद, तं त्याचं येनंबी बंद."

"मामाजी, पोरगी हुशार आहे," मी सासऱ्यांना म्हटलं.

"म्हनूनच म्हनून राह्यलो."

मी वाद घातला नाही. शाळेत गेले. ज्या मुलांना शिकताना अडचण येते त्यांच्यासाठी तालुक्याहून एक बाई येतात, माहनूर मॅडम. त्यांना म्हटलं, घरीच चला, माझ्यानं एकटीनं हे होणार नाही.

मॅडम स्कूटीवर आल्या, ओसरीत मांडी घालून बसल्या. ताटात पीठ पसरून अपेक्षाला बोटानं अक्षरं काढायला लावली. गोष्ट सांगितली, तिच्याकडून वदवून घेतली. खोकल्याची नक्कल ऐकून हसल्याही. मग चहाचा कप बाजूला ठेवून म्हणाल्या, "उलटी अक्षरं लहान मुलं काढतातच. पण हिला वाचतानाही फार जड जातंय. यवतमाळला तपासणी करून घेऊ. डोक्यात काही कमी नाही, वाचायची वाट वेगळी आहे. मी येऊन शिकवीन, परीक्षेत कोणी प्रश्न वाचून दाखवेल, वेळ जास्त मिळेल. पण शाळा सुटली तर यातलं काहीच मिळणार नाही."

सासरे सुपारी कातरत होते. कातरणं चालूच राहिलं.

"कधीकधी हे घराण्यात चालत येतं," मॅडम म्हणाल्या. "घरात आधी कोणाला असं होतं का?"

अडकित्ता थांबला. सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. अपेक्षाचे वडील अंगणातल्या बैलाकडे पाहू लागले, जणू उत्तर बैलाकडेच होतं.

"कोनालेच नाही," सासरे म्हणाले.

अपेक्षा पिठातलं बोट पुसत होती. तिनं मॅडमकडे नाही, आजोबांकडे पाहिलं. "आबाजी, त्यालेबी असंच होतं न? मंग मीबी विहिरीत जाईन का?"



सासरे उठले. मला वाटलं, तिच्या थोबाडीत मारतात. पण ते तिच्यासमोर खाली बसले, उकिडवे, आणि तिचे पिठाचे हात त्यांनी आपल्या हातात धरले.

"नाही व माय. तू कायले जाशीन?" मग मॅडमकडे न बघताच म्हणाले, "अमर नाव होतं त्याचं. माहा पोरगा. त्याले वाचता येत नव्हतं, आन् मी त्याले कासऱ्यानं मारत होतो. त्या दिवशीबी मारलं. हे भूत-बीत, मुंजा-बिंजा काही नाही मॅडम. माह्या मारानं गेलं माहं लेकरू."