कौशल्याची साक्ष

इंदूबाईंनी निकालाची नक्कल सरकारी वकिलांच्या टेबलावर ठेवली आणि तिचा दुमडलेला कोपरा बोटानं सरळ केला.

वसंतराव वकील उभ्यानंच वाचू लागले. भातकुलीच्या शाळेत शिकवणाऱ्या या बाईंचं वाळत घातलेलं लुगडं वाऱ्यानं उडून शेजारच्या गोदावरीबाईंच्या सांडग्यांवर पडलं होतं. गोदावरीबाईंनी ते काठीनं उचलून गल्लीत फेकलं आणि बाईंची जुनी जात काढून तोंडाला येईल ते सुनावलं. बाईंच्या घरानं धम्म घेतल्याला पाच वर्षं झाली होती. पोलिसांनी खटला भरला. ऐकणारी एकच, गोदावरीबाईंच्या पडवीत राहणारी विधवा कौशल्या. कोर्टात तिनं मान हलवली, काहीच ऐकलं नाही म्हणाली. गोदावरीबाई निर्दोष सुटल्या.

“मले अपील करायचं आहे.”

“तुम्हाला करता येत नाही, बाई. पोलिसांची केस आहे. सरकारनंच करायचं, तेही नागपूरला.”

“अन् साक्षीदारानं आता खरं सांगितलं तर?”

“उशीर झाला. शपथेवर खोटं बोलली म्हणून तीच अडकेल.” वसंतरावांनी नक्कल परत दिली. “वर लिहितो मी. पण भरवसा धरू नका.”

मोटारीनं त्या भातकुलीला उतरल्या तेव्हा दिवस कलला होता. दारात कौशल्या बसली होती, शेजारी गाठोडं.

“त्यायचं घर सोडलं म्या,” ती उठत म्हणाली. “घास उतरत नाई, बाई. समदं ऐकलं होतं म्या. आता सायबापुढं सांगतो. कवा जाचं?”

इंदूबाईंनी कुलूप काढलं. किल्ली कमरेला खोचायला त्यांना बराच वेळ लागला.

“आता नाई जमत, कौशल्या. सांगशील तं तुलेच धरतीन.”

कौशल्या गाठोड्याकडे पाहत राहिली. “मंग म्या घर काहून सोडलं?”

इंदूबाई आत गेल्या आणि पाण्यानं भरलेला पेला घेऊन आल्या.

“ये आत. पानी घे. रातच्याले इथंच राह्य.”

कौशल्यानं हात पुढे केला, तो मध्येच थांबला. खाली बसून तिनं गाठोडं सोडलं आणि आतून आपला लोटा काढला.

“रागावू नका बाई. त्यायच्या आंगनातल्या हिरीचंच पानी पेत होतो म्या. गावची हिर कुठं हाये?”

इंदूबाईंनी पेला ओट्यावर टेकवला. मग देवळामागच्या विहिरीकडे हात केला. तिथं त्या स्वतः कधी गेल्या नव्हत्या.