जावई म्हणणारी बाई

माझ्या जाऊबाईंना नात्यांची भारी हौस. घरची नाती पुरली नाहीत म्हणून की काय, त्यांनी सफरचंदाच्या बागेतही नाती जोडून ठेवली होती. शिडी म्हणजे नणंद, कारण दोन्ही हातांनी धरून ठेवली तरच सरळ उभी राहते. संध्याकाळ झाली की बोलायला लागणारी कंबर म्हणजे सासूबाई. ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं की त्या शिडीवरून ओरडायच्या, "मामंजी आले गं, डोकी झाका," आणि ओळीतल्या सगळ्या बायका हसत हसत डोक्यावर फडकी ओढून घ्यायच्या. पोटाला बांधलेली पिशवी फळांनी भरली की म्हणायच्या, "सातवा लागला, आता उतरायला हवं." मला मात्र नुसतं "अगं". मी खरीखुरी जाऊ, तर माझ्यासाठी तेवढंच उरलं होतं.

मुकादमाला त्यांनी जावई केलं होतं. "कितीही करा मेल्यासाठी, तोंड वाकडंच," असं त्याच्या पाठीमागे म्हणायच्या. त्यांचा खरा जावई तसा साधा, स्वतः चहा करून सासूला देणारा. त्याला मात्र त्या त्याच्या नावानंच हाक मारत. जावई म्हणण्यासारखं त्याच्यात काही नाही, असं त्यांचं मत होतं.

आमचे नवरे सख्खे भाऊ. ते दोघं लांबच्या बांधकामांवर असतात आणि आम्ही दोघी फळतोडीच्या हंगामाला बागेत. पत्र्याच्या खोल्यांची एक रांग, खोलीत एकावर एक खाटा, खालची त्यांची, वरची माझी. मी तोंडानं फटकळ आहे आणि राग माझ्या नाकावर असतो, हे मला ठाऊक आहे. पण बागेत माझं कुणाशी वाजलं नाही ते केवळ जाऊबाईंमुळे. भांडणाला तोंड फुटतंय असं दिसलं की त्या मधेच असं काहीतरी बोलायच्या की भांडणारीलाच हसू यायचं.

अशाच एका हंगामात एक बाई आमच्या खोल्यांवर यायला लागली. हंगामी मजुरांच्या कामावर ती अभ्यास करत होती, म्हणून तिचं नाव पडलं अभ्यासवाली. अंगानं किडकिडीत, बोलायला मऊ, चहा दिला तर कप धुऊन ठेवणारी. मला ती पहिल्यापासून पटली नव्हती असं म्हणायला आज बरं वाटेल, पण ते खोटं होईल. आम्हाला सगळ्यांनाच ती आवडली होती.

बोलणं सुरू करण्याआधी ती प्रत्येकीला नीट समजावून सांगायची. तुमचं नाव कुठंही येणार नाही. गाव येणार नाही. आवाज कुलपात राहील आणि लिहून झालं की पुसला जाईल. बोलायचं नसेल तर बोलू नका, मधेच थांबा, नंतर नको वाटलं तरी सांगा, काढून टाकू.

"पुस्तकात घालायला एक खोटं नाव हवं," ती म्हणाली. "ते तुम्हीच निवडा."

जाऊबाईंनी पटकन आमच्या सासूबाईंचं नाव सांगितलं. "जन्मात पहिल्यांदा माझ्या वाटचं काहीतरी करतील," त्या म्हणाल्या.

मी वरच्या खाटेवर पाय सोडून ऐकत बसले होते. जाऊबाई अगदी मोकळ्या मनानं बोलल्या. "जावई आमची ओळखपत्रं त्याच्या कपाटात कुलपात ठेवतो. हंगाम संपेपर्यंत देत नाही. का, तर आम्ही पळून जाऊ. आता या वयात मी कुणाबरोबर पळू, बाई? आणि शेजारच्या ओळीत फवारणी चालू असली तरी शिडीवरून उतरू देत नाही. परवा एका पोरीचे डोळे असे सुजले की तिला आपला हात दिसेना."

"पण जावई कोण?" अभ्यासवालीनं विचारलं.

जाऊबाईंनी सांगितलं. ती इतकी हसली की तिला रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करावं लागलं.

पुढच्या हंगामात ती परत आली, ती छापलेल्या पुस्तिकांचा गठ्ठा घेऊनच. लोक येतात, विचारून जातात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत, तसं तिला करायचं नव्हतं. तुमचं बोलणं तुमच्यापर्यंत परत यायला हवं, असं ती म्हणत होती. मालकाची परवानगी काढून जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या शेडमध्ये ती वाचायला उभी राहिली. आम्ही पालथ्या पेट्यांवर डबे उघडून बसलो होतो.

दिलेला शब्द तिनं पाळला होता, हे मी कबूल करते. पुस्तिकेतली बाई जाऊबाईंपेक्षा म्हातारी होती. एका मुलीच्या तिनं तीन मुली केल्या होत्या. शिडीवरून उतरवून तिला फळं निवडायच्या टेबलाशी बसवलं होतं. सफरचंदांची नाशपती झाली होती. कुणी शोधायला निघालं असतं तरी सापडली नसती अशी बाई तिनं उभी केली होती. मग तिनं पान उलटलं आणि वाचलं, "कितीही करा, जावयाचं तोंड वाकडंच."

शेडमध्ये हसू फुटलं. हसू आलं की माणूस ज्याचं बोलणं त्याच्याकडंच बघतो, त्यात कुणाचा काय दोष. सगळ्या माना जाऊबाईंकडे वळल्या, माझीही वळली. त्या डब्यात मान घालून बसल्या होत्या. मुकादम वजनकाट्याशी उभा होता. आपल्याला जावई म्हणतात हे त्याला तोवर माहीत नव्हतं. त्यानं पुस्तिकेकडे पाहिलंच नाही. त्यानं आमच्या तोंडांकडे पाहिलं, मग आम्ही जिकडे पाहत होतो तिकडे. अभ्यासवाली तोवर ओळखपत्रांपर्यंत आली होती. काय झालं ते वर बघितल्यावर तिच्या लक्षात आलं आणि ती वाक्यातच थांबली.

ओळखपत्रं आम्हाला परत मिळाली. मालकाकडून निरोप आला आणि मुकादमानं कपाट उघडून एकेकीच्या हातात दिली. फवारणीच्या वेळी ओळ रिकामी करायची असंही ठरलं. हे सगळं पुस्तिकेमुळेच झालं, आणि बायकांनी जाऊबाईंचे आभारही मानले. मुकादम त्यांना हंगामभर एका शब्दानं बोलला नाही. मला ते बरं लक्षण वाटत नव्हतं, पण जाऊबाई म्हणायच्या, "रुसलाय. रुसू दे. जावयाचं कामच ते."

हंगामाच्या शेवटी तो पुढच्या वर्षीसाठी नावं घ्यायला खुर्ची टाकून बसला. जाऊबाई पुढे झाल्या.

"सासूबाई," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "वय झालं आता तुमचं. पुढच्या वर्षी घरी बसून आराम करा. जावयाला एवढं तरी सांगायचा हक्क आहे ना?"

कुणी हसलं नाही. हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्याच्या तोंडून त्यांचंच बोलणं त्यांच्यावर उलटलं होतं. मी पुढे होऊन माझंही नाव घालू नको म्हणून सांगितलं. आणखीही काही सांगितलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसरीकडे काम मिळेल याची आम्हाला खात्री होती. झपाझप चढणाऱ्या, देठ न मोडता फळ तोडणाऱ्या बायका कुणाला नको असतात? पुढच्या वर्षी आम्ही बऱ्याच लांबच्या एका नाशपतीच्या बागेत लागलो. तिथं आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. एका सकाळी शिडी डगमगली आणि जाऊबाई सवयीनं बोलून गेल्या, "अगं, नणंदेला धर."

खालून जाणारा तिथला मुकादम थांबला. वर बघत म्हणाला, "ती जावई म्हणणारी बाई तूच का?"

त्याला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. गाव, वय, काही ठाऊक नव्हतं. आमच्या जुन्या मुकादमालाही नाव सांगायची गरज पडली नव्हती. जावई म्हणणारी एक बाई आहे, तक्रारी करते, नात्यांवरून बोलते, तिला घेऊ नका, एवढाच निरोप फोनवरून एका बागेतून दुसऱ्या बागेत फिरला होता. संध्याकाळी आमची बोचकी बांधून झाली होती.

त्यानंतर आम्ही फळबागांचा नाद सोडला आणि कोबीच्या शेतावर गेलो. दिवसभर वाकून काम, पायात चिखल, हातांना पानांचा वास. तिथं कुणी काही विचारत नाही. जाऊबाईंनी तिथं बोलणं बदललं. त्या गप्प झाल्या असत्या तर मला एवढं लागलं नसतं. त्या बोलायच्या, पण कुणीही बोलेल तसं. ऊन झालं. कंबर दुखते. पेटी भरली. बोलायच्या आधी किंचित थांबायच्या, जसं आपण भाजीतून खडा निवडतो, तसं तोंडातल्या तोंडात काहीतरी बाजूला काढून मग उरलेलं बोलायच्या.

त्यांची लेक तेव्हा पोटुशी होती आणि दिवस अवघड जात होते म्हणून डॉक्टरांनी तिला अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. शेतावरच्या एकीनं सहज विचारलं, "मग तिच्याजवळ कोण असतं हो?"

"असतो ना," जाऊबाई म्हणाल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "तिचा नवरा."

मी ऐकलं आणि माझ्या अंगाची लाहीलाही झाली. स्वतःच्या जावयाला जावई म्हणायची चोरी.

अभ्यासवालीला कुणाकडून तरी कळलं असावं. विश्रांतीच्या दिवशी ती आम्हाला हुडकत कोबीच्या शेतावर आली. खोलीत बसायला जागा नव्हती, म्हणून उंबऱ्यातच बसली. काय काय झालं ते मी तिला तोंड सोडून सांगितलं, तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मी सगळं बदललं होतं हो," ती शेवटी म्हणाली. "नाव, गाव, वय, मुलं, काम. दोन-दोनदा तपासलं होतं."

"तोंड तेवढं त्यांचं ठेवलंत," मी म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. "इतकं छान बोलतात त्या. ते माझ्या शब्दांत लिहायला जीव होईना. मला वाटलं, निदान एवढं तरी त्यांचं असू दे."

तिच्या त्या बोलण्यावर मला आणखी चिडता आलं नाही. तिला ते आवडलं होतं म्हणून तिनं ठेवलं होतं. मला आवडायचं, शेडमधल्या सगळ्या बायकांना आवडायचं. म्हणूनच तर सगळ्या हसल्या आणि वळल्या.

ती जाऊबाईंना म्हणाली, "तुम्ही सांगाल तर तुमचं सगळं बोलणं काढून टाकते. उरलेल्या पुस्तिका परत घेते, नव्यानं छापते. तुमचा एक शब्द राहणार नाही."

"काढून टाका," जाऊबाई म्हणाल्या. "चहा घेता का?"

ती गेल्यावर कप तिनंच धुऊन ठेवलेला दिसला. जाऊबाई बराच वेळ कोबीची पानं लागलेली चप्पल काडीनं खरवडत बसल्या होत्या.

संध्याकाळी मी नळावर कपडे धूत होते. आम्हा दोघींत फोन एकच, माझा. तो खोलीत वाजला. माझे हात साबणात होते, म्हणून मी जाऊबाईंना घ्यायला सांगितलं. त्या फोन नेहमी कानापासून लांब धरतात आणि आवाज मोठा ठेवतात, त्यामुळे मला दारातून सगळं ऐकू येत होतं.

"हॅलो," त्या म्हणाल्या. "बरी आहेस ना? जेवण जातंय का?"

"जातंय गं काकू," पलीकडून लेक म्हणाली. "पडून पडून जीव नकोसा झालाय. रात्री फार भीती वाटते. आई आहे का जवळ? तिला दे ना."

मी कपडे तसेच टाकून आत आले. अगं, आईच बोलतेय, असं सांगणार होते. जाऊबाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"काकू? दे ना आईला. मला जरा तिचं बोलणं ऐकायचंय. ती बोलली की हसू येतं, मग झोप लागते."

"देते हं," जाऊबाई म्हणाल्या.

त्यांनी फोन मांडीवर ठेवला. कुणाला तरी बोलवायला गेल्यावर लागतो तेवढा वेळ त्या तशाच बसून राहिल्या. मग फोन पुन्हा तोंडाशी नेला. आता खाटेला काहीतरी म्हणतील, पोटातल्या बाळाला म्हणतील, डॉक्टरला कुठल्या तरी नात्यात ओढतील, असं मला वाटत होतं. त्यांनी तोंड उघडलं. बाहेर शेतावरच्या बायका पाणी भरत होत्या, त्यांच्याकडे एकदा बघितलं. पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलत होते, पण त्यांना काही सापडत नव्हतं.

"आई?" लेक म्हणाली. "आई, बोल ना काहीतरी."

जाऊबाईंनी फोन माझ्या ओल्या हातात दिला.

"तूच सांग तिला," त्या हळूच म्हणाल्या. "आई इथं नाहीये म्हणावं."