पितांबरचं ‘कायम’

पितांबर गवंडी थकला होता, आणि थकला म्हणून कुणी घरी बसवू नये, एवढंच त्याचं मागणं होतं. कळसाडीजवळच्या नाल्यावर पुलाचं काम चाललं होतं. पावसाळा लागला की ठेकेदार सगळ्यांना घरी धाडी आणि दसऱ्यानंतर मनाला येईल त्यालाच परत घेई. पितांबरच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता. यंदा आपली जागा जाणार, हे त्याला कळून चुकलं होतं.

म्हणून धुळ्याहून युनियनची माणसं आली तेव्हा तो त्यांना चिकटलाच. बाकीच्यांना मजुरीवाढ हवी होती. पितांबरने वाद घालून घालून तोंडाला फेस आणला. वाढ आज देतील आणि उद्या माणूसच काढतील, आधी कामाची हमी मागा, हा त्याचा हेका. अखेर मागणी ठरली, जुन्या माणसांना कायम करा. युनियनच्या सभेत ऐकलेला हा कचेरीतला शब्द त्याला फार आवडला. चुना मळणाऱ्या बायांपासून दगड वाहणाऱ्या पावरा आदिवासी गड्यांपर्यंत तो सगळ्यांना ‘कायम, कायम’ ऐकवत फिरला. सातपुड्यातले पावरे निमूट मान डोलवत. पितांबरला वाटलं, जमलं.

ठेकेदार आला आणि म्हणाला, ज्याला कायम व्हायचंय त्याने हात वर करावा. गवंड्यांचे हात वर गेले, बायांचे गेले. पावऱ्यांचा एकही नाही, आणि निम्म्याहून जास्त माणसं तीच. ठेकेदार हसला, थोडी मजुरी वाढवून मोकळा झाला.

पितांबर तणतणत पावऱ्यांच्या म्होरक्याकडे, चैत्याकडे गेला आणि त्याला गद्दार म्हणाला. चैत्या चिडला नाही. त्याचा चुलता खाली सपाटीवर एका जमीनदाराकडे ‘कायम’ गडी राहिला होता. त्याला होळीलाही घरी सोडलं नाही, तिथेच मेला.

“कायम म्हंजे मरस तवलोंग आठेच ना, बापू? मंग पावसाळामा आम्हनं वावर कोन पेरी?”

मरेपर्यंत इथंच, असं नाही रे, पितांबर म्हणाला. पावसाळ्यात घरी जायचं, पेरायचं, आणि परत आलं की काम आपलंच, दुसऱ्याला द्यायचं नाही, एवढाच अर्थ.

“मंग तू आसं सरळ का बरं नही सांगं?”

पितांबरला फार लाज वाटली, स्वतःचीच.

दसरा झाल्यावर ठेकेदाराचा धुडकू मुकादम माणसं निवडायला उभा राहिला. तरणे पावरे सगळे घेतले, चैत्यालाही घेतलं. पितांबरकडे त्याने पाहिलंच नाही. चैत्या पुढे झाला, बापूलाही घ्या म्हणाला. धुडकूने विचारलं, मग तू जातोस का त्याच्याऐवजी घरी?

चैत्या पाटी उचलून नाल्यात उतरला. पितांबरला त्याचा राग आला नाही. चैत्याच्या जागी तोही उतरलाच असता.