पंपिंग पंचावन्न

फेलिशिया घर सोडून निघाली ती ओटीपर्यंतच पोचली. मागून तिचा नवरा वॉल्टर आला. केळीच्या वाडीला पाणी देतात त्या पाइपाचा हातभर तुकडा त्याच्या हातात होता. बायकोला बडवायला नवरे काय काय शोधून काढतात, देव जाणे. पहिला फटका पाठीत बसला, दुसऱ्याने ओठ फुटला. तिसऱ्यासाठी त्याने हात उचलला आणि तसाच तोंडघशी पडला.

दार उघडं होतं. त्याला तिथेच टाकून गेली असती तर वसईत कुणी तिला नाव ठेवलं नसतं. पण फेलिशिया अठरा वर्षं नर्स होती आणि त्याच्या मानेला नाडी लागत नव्हती. तिने सासूला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं, त्याला उताणा केला आणि छाती दाबायला लागली. सहाव्या दाबाला बरगडी कडकन मोडली. खोटं कशाला सांगू, तिला बरं वाटलं. दुसरी मोडली तेव्हाही वाटलं. ती शिव्या देत होती, तिच्या ओठातलं रक्त त्याच्या शर्टावर ठिबकत होतं, पण मोजणी एकदाही चुकली नाही.

ॲम्ब्युलन्समध्ये शॉक देऊन हृदय चालू झालं. दुपारपर्यंत डॉक्टर हेमांगींनी बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली.

"नळी उघडली ना? मग पोरगा हात पन का उचलत नाय?" सासूने, क्लेमेंटीनने, विचारलं. त्या हाताने काय केलं होतं, ते म्हातारीने आतल्या खोलीतून नीट ऐकलं होतं.

"आजी, रक्त थांबलं तेवढ्या वेळात हृदयाच्या स्नायूने जवळची सगळी ऊर्जा संपवली," डॉक्टर म्हणाल्या. "आता रक्त पोचतंय, पण ऊर्जा बनवायला लागणारा मालच वाहून गेलाय. तो पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. स्नायू मेलेला नाही, सुन्न पडलाय. हृदयाचं पंपिंग पंचवीस टक्के आहे, ते निरोगी माणसासारखं पंचावन्नपर्यंत चढेल. दोन महिने जपा. कुणीतरी जाणकार सतत जवळ हवं."

सगळ्यांच्या नजरा फेलिशियाकडे वळल्या.

रात्री नायगावहून बहिणीचा, ज्युलीचा, फोन आला. "आता तरी निघून ये."

"पेशंट अर्धवट टाकून मी कधी गेले नाही. पंचावन्न झालं की येते."

"म्हणजे त्याच्यात मारायची ताकद आली की?"

"हो. तेव्हाच."

घरी चर्चची मंडळी प्रार्थनेला आली, फेलिशियाचं कौतुक करून गेली. ती त्याला पेज भरवायची, गोळ्या द्यायची, अंग पुसायची. दर तपासणीला आकडा चढला की क्लेमेंटीन मेणबत्ती लावायची आणि फेलिशिया पंचावन्नला किती उरले ते मोजायची. पस्तीसला त्याने ग्लास भिरकावला, तो पलंगाखालीच पडला. पंचेचाळीसला भिरकावलेला ग्लास तिच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर फुटला. काचा तिनेच गोळा केल्या.

"बरगड्या तू मुद्दाम मोडल्या," तो म्हणायचा. निम्मं खरं होतं. ती पुढची गोळी त्याच्या हातावर ठेवायची.

नवव्या आठवड्यात रिपोर्ट आला. पंचावन्न. वॉल्टरने तो दोनदा वाचला, उठला, दाराला कडी लावली आणि तिच्या पोटात लाथ घातली. ती भिंतीवर आदळली. मग केस धरून त्याने तिला वर ओढलं आणि तोंडावर बुक्की मारली. तोच ओठ पुन्हा फुटला.

पुन्हा उगारलेला हात तिने मनगटाशी पकडला. गयावया करतेय असं त्याला वाटलं असणार, कारण तो हसला. ती घड्याळाकडे बघत नाडी मोजत होती. जलद होती, पण ठोका एकही चुकत नव्हता. त्याला दमही लागला नव्हता. तिने मनगट सोडलं.

आणि मग अशी कानाखाली ठेवून दिली की पाची बोटं उठली. तो सावरायच्या आत दुसरी बसली. तिसरीला वॉल्टर जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा दोन्ही हातांनी तोंड झाकून घेऊ लागला.

या वेळी क्लेमेंटीन आतल्या खोलीतून धावत आली. "अगं, पेशंट मानसाला मारतेस?"

"पेशंट नाही तो आता, आई. रिपोर्ट वाचा."

फेलिशियाने कडी काढली. ओठाचं रक्त तिने पुसलं नाही, पोलिसांना ते दिसायला हवं होतं. कोपऱ्यावर रिक्षा उभी होती.