शेरूच्या दातांची सफाई

“सरक गा तिकडे! तोंड हाय का नाली?”

गणपतराव पेपराआडून शेरूवर खेकसले. शेरू, त्यांचा म्हातारा तांबडा कुत्रा, दिवाणावर त्यांच्या मांडीला चिकटून बसला होता. तो आणखीच चिकटला. आत डाळ निवडणाऱ्या पुष्पलताबाईंनी नवऱ्याचा आवाज ऐकून सुनेकडे पाहिलं. सून देवकी घाईघाईनं डाळीत खडे शोधू लागली.

घरात वास होता, हे खरंच. गणपतराव गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून झोपू लागले, तेव्हापासून होता. पण कर्त्या माणसाला ते सांगायचं कोणी? मुलगा जेवायला खिडकीशी बसे. देवकी लांबूनच हात ताणून भाजी वाढे. पुष्पलताबाई जेवणानंतर मूठभर बडीशेप पुढे करत, तर गणपतराव शेरूकडे बोट दाखवत, “याले चार. याले गरज हाय.”

शेवटी त्यांनी फर्मान काढलं. शेरूचे दात साफ करायचे. तरी वास गेला नाही, तर त्याची रवानगी पारशिवनीला, भावाच्या शेतावर. पुष्पलताबाईंनी शेरूकडे पाहिलं. पोळीला तूप नसलं तर तोंड फिरवणारा हा जीव शेतावर साखळीला बांधून राहणार?

जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं, “भूल द्यावी लागेल. सकाळपासून पोटात काही नको. आणि वय झालंय हो याचं.”

त्या दिवशी पुष्पलताबाईंनीही चहा घेतला नाही. शेजारच्या इंदूबाईंनी विचारलं, “काहून वं, चतुर्थी हाय का आज?”

“शेरूची हाय,” पुष्पलताबाई म्हणाल्या.

सुई टोचली आणि शेरू टेबलावर ओल्या गोधडीसारखा पसरला. जीभ बाजूला लोंबली. डॉक्टर दातांवरचं पिवळं किटण खरवडू लागले, तसे पुष्पलताबाईंचेच दात शिवशिवले. शेरूचं पोट वरखाली होतंय ना, एवढंच त्या बघत राहिल्या. गणपतराव सारखे बाहेर जाऊन थुंकून येत, आणि आले की शेरूच्या पाठीवर हात ठेवत. “ऊठ गा बापू, लय झालं नाटक.”

बऱ्याच वेळानं बापूंनी एक डोळा उघडला. उभं राहायला गेले तर चारी पाय चारी दिशांना. दात मात्र नव्या कपबशीसारखे पांढरेशुभ्र.

संध्याकाळी शेरू झोकांड्या खात दिवाणाशी आला आणि धन्याच्या मांडीवर डोकं टाकून निजला. गणपतरावांनी वाकून, पार त्याच्या तोंडाला नाक लावून हुंगलं.

“वास तसाच येऊन राहिला ना! डॉक्टरले काही येत नाही. उद्या पुन्हा गुंगी देऊ याले. नाही जमलं, तर पारशिवनी.”

मुलगा खिडकीबाहेर पाहू लागला. देवकी आत पळाली. पुष्पलताबाईंच्या डोळ्यांपुढे ती लोंबणारी जीभ आली. पदर खोचून त्या नवऱ्याच्या अगदी पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

“त्याले काहून मारता पुन्हा? वास तुमच्या तोंडाचा हाय. आमी सारे दूर बसतो, अन् हा बिचारा एकटाच तुमच्याजवळ बसते.”