वितीच्या गाठी

मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो. गाणी वाजवणारी नव्हे, नदीत बुडवायची. पाणी किती गढूळ आहे, ते माझ्यावरून कळते.

मी मुळात रंगाच्या डब्याचे झाकण. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मला घासूनपुसून माझे चार भाग आखले. दोन काळे, दोन पांढरे. रंग त्यांच्या लहान मुलीने दिला. एका जागी काळा रंग रेघेबाहेर गेला. सर म्हणाले, "असू दे. नदीला चालतं."

पहिल्या सहलीला सर टेप घरीच विसरले. मग त्यांनी होडीत बसूनच वितीने माझा दोर मोजला आणि दर वितीला एक गाठ मारली. नंतर टेप आली, पण गाठी त्याच राहिल्या. वर्षानुवर्षांची मापे गाठींतच लिहिली गेली.

मुले कनू नावाच्या लांबट, अरुंद होडीतून नदीच्या वळणापर्यंत वल्हवत जात. कोणी बाटलीत पाणी भरी, कोणी तापमान पाही. मला सावलीच्या बाजूने खाली सोडत. मी दिसेनाशी झाले की गाठी मोजायच्या. मग हळूहळू वर घ्यायचे आणि पुन्हा दिसले की पुन्हा मोजायच्या. दोन्हींच्या मधले माप खरे. पण या दुसऱ्या मोजणीचा मुलांना भारी कंटाळा. कोणी मला सर्रकन ओढले, की मागच्या टोकाला बसलेले सर म्हणत, "अरे, विहिरीतून बादली काढतोस का? कुठे गेली ते कळलं. आता कुठे दिसते ते बघ."

मग सर आजारी पडले, आणि गेले. मी प्रयोगशाळेच्या खुंटीवर राहिले. उंदरांनी वरचा दोर कुरतडला.

पुढच्या सहलीच्या सकाळी सरांची आता मोठी झालेली मुलगी त्यांचे सामान न्यायला आली. विज्ञानाच्या नव्या बाई कपाट आवरत होत्या.

"ती तबकडी टाकूनच देणार होते," बाई म्हणाल्या. "दोर कुजलाय. नवी मागवू."

"मग बाबांची जुनी मापं कशाशी जुळवणार?"

बाई थांबल्या. "खरंच की."

सरांच्या मुलीने दोन गाठींमध्ये आपली वीत ताणून पाहिली. पेरभर कमी पडली. तिने पुन्हा ताणली. तेवढीच कमी पडली.

"ताई, टेप देऊ का?" सहलीला निघालेल्या एका विद्यार्थिनीने विचारले.

"नको. नवा दोर आण. जुन्याशेजारी ठेवून गाठी मारू."

गाठी मारून झाल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्हीही चला ना. मागची जागा रिकामीच आहे."

वळणावर मला पाण्यात सोडले. मी हिरवट पाण्यात उतरत गेले. वरून आवाज आला, "गेली!" आणि लगेच दोराला हिसका बसला.

"अगं, विहिरीतून बादली काढतेस का?" मागून ताई म्हणाली. "कुठे गेली ते कळलं. आता कुठे दिसते ते बघ."

दोर सावकाश वर आला. एक गाठ. अजून एक.

"दिसली, ताई! रेघेबाहेरचा काळा रंगसुद्धा दिसतोय!"

मित्रांनो, काम झाले की मला स्वच्छ पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, दोर उंदरांपासून जपा. आणि तो विरलाच, तर फेकण्याआधी नव्या दोराशेजारी एकदा ठेवा.