संघपालची शेवटची फिल्म

“हे काय नाचून रायलं बाई?” केशरबाईंनी यंत्राच्या पडद्याकडे बोट केलं.

पडद्यावर सारख्या अंतरानं उभ्या रेषांची रांग लागली होती. अमरावतीच्या त्या प्रयोगशाळेत भावना आणि संघपालनं याच रांगेसाठी वर्षं घालवली होती. ती दिसली त्याच आठवड्यात संघपाल मूर्तिजापूरजवळ मोटारसायकलवरून पडला आणि गेला. आज त्याची आई केशरबाई अकोल्याहून त्याचं सामान न्यायला आली होती.

“त्यानं केलेली फिल्म आहे आत,” भावना म्हणाली. “कार्बनच्या नळ्यांची. केसापेक्षा कितीतरी बारीक नळ्या. मंद प्रकाश ती गिळते, जोराचा आला की वाट देते. म्हणून लेझरचा सलग झोत तुटतो आणि असे ठोके पडतात.”

“मंग झालं ना त्याचं काम?”

“एक राहिलंय. ती किती जोर सोसते ते मोजायचं. मोजताना ती जळते.” भावनाचा आवाज खाली गेला. “त्याच्या हातची एवढीच उरली आहे, मावशी.”

संशोधनाचे मार्गदर्शक सर रोज विचारत होते, ती रोज उद्यावर ढकलत होती.

“त्यानं कायले बनोली होती? ठेवाले?” केशरबाईंनी विचारलं.

“नाही.”

“मंग कर.”

भावना लेझरचा जोर हळूहळू वाढवत गेली. ठोके उंचावले, थरथरले, आणि पडद्यावर नुसती सपाट रेघ उरली. तिला पुढचं दिसेना. केशरबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“लय दोस्ती होती का तुमची?”

“सोबत काम करत होतो,” ती म्हणाली. दिवाळीत दोन्ही घरी सांगायचं, असं त्या दोघांचं ठरलं होतं.

स्टँडवर अकोल्याची गाडी लागली होती. खिडकीशी बसल्यावर केशरबाई म्हणाल्या, “परतवाड्याची पोरगी पायली होती त्याच्यासाठी. त्याले सांगाचंच रायलं.”

भावनानं मान हलवली.

केशरबाईंनी भावनानं भरून दिलेल्या पिशवीतून प्रयोगशाळेतला पांढरा कोट काढून मांडीवर पसरला, बाह्या सरळ केल्या. “हा त्याले लहान होत असन.”

“धुऊन धुऊन आटलाय, मावशी.”

केशरबाईंनी कोट उराशी धरला. गाडी हलली. भावना प्रयोगशाळेत परतली, खुंटीवरचा संघपालचा कोट तिनं अंगात घातला आणि लांब बाह्या मनगटापर्यंत दुमडून आकडे भरायला बसली.